ऐन वर्दो

आग्नेय तुर्कस्तानातील मार्दिन प्रांतात, मिद्यात शहराच्या पूर्वेस, तूर अब्दीन या चुनखडीच्या पठारावरील एक खेडे. येथील सिरियाक, म्हणजे अरामी बोलणारे प्राचीन ख्रिस्ती समाजाचे लोक, त्याला इवर्दो म्हणतात. सरकारी दप्तरात त्याचे नाव गुलगोझे आहे. येथील सिरियाक ख्रिस्ती सुरैत ही अरामी बोली बोलतात, तर कुर्दांची भाषा कुर्मांजी आहे. सिरियाक ऑर्थोडॉक्स चर्चची उपासना अभिजात सिरियाकमध्ये चालते. केरळातील याकोबाइट ख्रिस्ती याच परंपरेतले.

टेकडीवरील मोर हदबशाबो चर्च लांबून गढीच वाटते. जाड दगडी भिंती आणि बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या पाहिल्या म्हणजे 1915 साली लोकांनी आसऱ्यासाठी हीच जागा का निवडली, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी ऑटोमन साम्राज्यात ख्रिस्ती समाजांची कत्तल सुरू झाली. सिरियाक तिला सैफो, म्हणजे तलवार, म्हणतात. मिद्यात आणि भोवतालच्या गावांतून निसटलेले हजारो लोक ऐन वर्दोत गोळा झाले. मिझीझा गावच्या मसूद यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ऑटोमन सैनिक व कुर्द टोळ्यांचा वेढा सुमारे दोन महिने थोपवून धरला. अखेर ऐन काफचे शेख फतहुल्ला या मुस्लिम धर्मगुरूंनी मध्यस्थी केली आणि आपल्या शब्दाची हमी म्हणून स्वतःचा मुलगा वेढ्यातल्या लोकांकडे ओलीस ठेवला. त्यामुळे या वेढ्याची कहाणी ‘कुर्द विरुद्ध सिरियाक’ एवढ्यावर संपवणे बरोबर नाही. हल्लेखोरांत कुर्द होते हे खरे. पण तडजोड घडवणारा माणूसही मुसलमानच होता, आणि सिरियाक लोक त्याचे नाव आजही आदराने घेतात.

गाव वाचले, तरी पुढे ते ओस पडत गेले. पश्चिम जर्मनीशी झालेल्या 1961 च्या मजूर-भरतीच्या करारानंतर तुर्कस्तानातून मजूर तिकडे जाऊ लागले. त्या वाटेने तूर अब्दीनचे सिरियाकही गेले आणि नंतर स्वीडनलाही पोचले. 1984 पासून कुर्दिस्तान कामगार पक्ष (पीकेके) ही कुर्दांची सशस्त्र संघटना आणि तुर्की लष्कर यांच्यात सशस्त्र संघर्ष पेटला. सरकारने गावोगावी हत्यारबंद ग्रामरक्षक नेमले, आणि कोणत्याही बाजूला न गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना राहणे अवघड झाले. 2001 साली पंतप्रधान बुलंद एजेविद यांच्या परिपत्रकाने परतीला मुभा दिली, पण परतणारे थोडेच. त्यातच जमीन मोजणीच्या वेळी, तूर अब्दीनमधील इतर गावांप्रमाणे, परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी वनखात्याच्या, सरकारी खजिन्याच्या किंवा शेजाऱ्यांच्या नावे चढल्याचे वाद कोर्टात गेले.