आफ्रिकी-आशियाई साहित्याचा अभ्यास (बडोदे)

आफ्रिका आणि आशिया या खंडांतल्या भाषांमधले साहित्य, तसेच तिथल्या लेखकांनी इंग्रजी-फ्रेंचमधून केलेले लेखन वाचून त्या समाजांची राहणी, नाती, श्रद्धा आणि बोलण्याची रीत समजून घेणे, असा या अभ्यासाचा सर्वसाधारण अर्थ. विद्यापीठांत तो बहुधा इंग्रजी किंवा तौलनिक साहित्याच्या विभागात चालतो. बडोद्यातल्या मराठी माणसाचे मात्र जरा वेगळे आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती, कॉलेजात इंग्रजी हे त्याचे लहानपणापासूनचे चालू असते. एका भाषेतला शब्द दुसरीत नेताना काय सांडते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

बडोद्यातल्या बहुतेक मुलांची आफ्रिकेशी पहिली भेट होते ती कमाटीबागेतल्या संग्रहालयात, इजिप्तच्या ममीपाशी. संग्रहालय १८९४ सालचे. ममी बघून मूल आईच्या मागे दडते. त्या खंडातली माणसे हसतात, भांडतात, सोयरिकी जुळवतात हे कळायला पुढे एखादी कादंबरी हाती यावी लागते.

पुस्तके हाती येण्याची सोय सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी करून ठेवली. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावच्या वाचनालयांचे जाळे उभे केले. लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जात. १९१६ पासून निघू लागलेल्या ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’मध्ये मुख्य भर संस्कृत ग्रंथांवर असला, तरी ‘मिरात-ए-अहमदी’ हा गुजरातचा फारसी इतिहासही तिच्यात आहे. १९२९ मध्ये जुझेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताचे, दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताच्या आधीच्या बौद्ध तर्कग्रंथांवरचे पुस्तक याच मालेत निघाले. मूळ संस्कृत हरवलेले काही ग्रंथ चिनी भाषांतरांत टिकून होते. तिथून ते परत आणण्याचा हा खटाटोप. आपलेच सामान शेजाऱ्याच्या माळ्यावर सापडावे, तसे. आशियाई साहित्याकडे ‘दुसऱ्याचे’ म्हणून पाहणे किती कच्चे आहे, हे या एका पुस्तकावरून ध्यानात येते.

याच शहरात १८९४ मध्ये माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, जन्मले. फारसीचे ते जाणकार प्राध्यापक. त्यांनी फारसी कवी उमर खय्यामच्या रुबाया (चार ओळींच्या कविता) मराठीत एकदा आणून सोडून दिल्या नाहीत. ‘उमरखय्यामकृत रुबाया’ (१९२९) हे भाषांतर थेट फारसीवरून केले, तर ‘द्राक्षकन्या’ (१९३१) हे फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणे हा या विषयाचा उत्तम श्रीगणेशा ठरावा. मधल्या इंग्रजाने खय्यामला किती आपल्या रंगात रंगवले, ते मराठीतल्या मराठीतच दिसते. दुर्दैवाने आज आपण आशिया-आफ्रिकेचे जे वाचतो, त्यातले बरेच ‘द्राक्षकन्या’च्या वाटेने आलेले असते, रुबायांच्या वाटेने नव्हे.

आफ्रिकेपुरते बोलायचे तर अभ्यासक्रमात पहिले नाव बहुधा चिनुआ अचेबे यांचे येते. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही त्यांची कादंबरी नायजेरियातल्या इग्बो समाजाची. तिच्या आठव्या प्रकरणात लग्नाची बोलणी आहेत. मुलीचा बाप वरपक्षाच्या हाती आखूड काड्यांची जुडी देतो; खराट्याचे हीर म्हणा ना. घासाघीस तोंडाने नव्हे, काड्यांनी चालते. काड्या मोजल्या जातात, ३० भरतात. वरपक्ष बाहेर जाऊन कुजबुजतो आणि जुडी हलकी करून परत देतो. अशी दोन-चारदा ये-जा होऊन कवड्यांच्या २० पिशव्यांवर सौदा ठरतो. ही रक्कम मुलाकडून मुलीच्या बापाला जायची आहे. इथे मराठी वाचक घाईत ‘हुंडा’ म्हणून मोकळा होतो आणि सगळा व्यवहार उलटा करून ठेवतो. वास्तविक आपल्याकडे ‘देज’ हा नेमका शब्द आहे. शहरी मराठीतून तो गेला, इतकेच. म्हणजे इग्बो गाव समजून घ्यायला निघालेल्याला आधी मराठीतलाच विसरलेला शब्द शोधावा लागतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते या अभ्यासाची खरी कमाई ही आहे. ‘विविध संस्कृतींची ओळख’ वगैरे उद्दिष्टपत्रिकेत छापायला ठीक.

कवड्यांचेही तसेच. ‘कवडीमोल’ म्हणजे आपल्या लेखी फुकट. कवड्यांची माळ भवानीच्या भक्ताच्या गळ्यात. एरवी कवडीला विचारतो कोण? पण पश्चिम आफ्रिकेत त्या चलन होत्या आणि त्यांतल्या पुष्कळशा आपल्या दक्षिणेच्या मालदीव बेटांवरून युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तिथे पोचल्या. गुलामांच्या व्यापारात माणसांच्या बदल्यात दिल्या गेलेल्या वस्तूंमध्ये कवड्याही होत्या. एवढे कळल्यावर ‘कवडीमोल’ शब्द उच्चारताना जीभ जरा अडते.

मात्र साम्य दिसले की लगेच हुरळून जाऊ नये. पाहुण्यापुढे कोलाफळ ठेवण्याची इग्बो रीत वाचून पानसुपारीचे तबक आठवते, आणि तिथवर ते चालतेही. पण ‘ची’, म्हणजे प्रत्येक माणसाबरोबर असणारी त्याची स्वतःची देवता, हिला ‘दैव’ म्हटले की गफलत होते. आपले दैव कपाळावर लिहिलेले असते, माणसापुढे झुकत नाही. माणूस ठामपणे ‘हो’ म्हणाला तर त्याची ‘ची’ही ‘हो’ म्हणते, असे इग्बो म्हण सांगते. तेव्हा ‘ची’ला ‘ची’च राहू द्यावे.

कोणत्या भाषेत लिहावे, हा आफ्रिकी लेखकांचा जुना वाद. अचेबेंनी इंग्रजी वाकवून वापरली. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी आधी इंग्रजीत नाव कमावले आणि मग ते गिकुयू या मातृभाषेकडे वळले. गिकुयूतली त्यांची पहिली कादंबरी तुरुंगात शौचालयाच्या कागदावर लिहिली गेली. १९६८ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी नैरोबी विद्यापीठापुढे मागणी ठेवली होती, की इंग्रजी विभाग बंद करा, आफ्रिकी साहित्य मध्यभागी ठेवा, मौखिक साहित्य शिकवा. बडोद्यात या मागणीचा एक दूरचा पडसाद ऐकू येतो, असे म्हणायला हरकत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी अध्यापन सोडून १९९६ मध्ये इथे ‘भाषा’ ही संशोधनसंस्था स्थापली आणि पुढे गुजरातच्या आदिवासी भागातल्या तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. राठवा, भिल्ल यांची तोंडी कथागीते लिहून घेतली जाऊ लागली. माली साम्राज्याचा संस्थापक राजा सुंजाता याची गाथा पिढ्यान्‌पिढ्या गाणारे पश्चिम आफ्रिकेतले ग्रिओ, म्हणजे तिथले भाट, समजायला ही गीते ऐकलेला कान उपयोगी पडतो.

पूर्व आशियाबद्दल थोडक्यात. हायकू हा तीन ओळींचा जपानी काव्यप्रकार शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजला. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या जपानी दरबारातल्या बाईने लिहिलेली ‘गेंजी’ची कथा नावाने माहीत असते, वाचलेली क्वचित. इंडोनेशियाचे प्रामुद्या अनंत तूर यांना बुरू बेटावरच्या बंदिवासात कागद मिळेना, तेव्हा त्यांनी आपली कादंबरी आधी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. लिहिणे पुढे झाले.

पूर्व आफ्रिका बडोद्याला त्यामानाने फार जवळ. गुजरातचे व्यापारी झांझिबार-मोंबासाला पिढ्यान्‌पिढ्या जात आले, आणि २०२१ चे नोबेल मिळालेले झांझिबारचे अब्दुलरझाक गुर्ना यांच्या कादंबऱ्यांत असे हिंदी व्यापारी भेटतात. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’ आणि व्यापाऱ्याला ‘बेपारी’ म्हणतात. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिले, की पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत खसखस पिकते.

उलट दिशेने आलेलेही आहेत. सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून इथे आलेल्यांचे वंशज, म्हटले की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. पण भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्याभोवती सिद्द्यांची वस्ती आहे. ते गुजराती बोलतात, मलुंगा हे एकतारी धनुष्यवाद्य वाजवतात आणि ढोलाच्या ठेक्यावर नाचतात, त्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीत ढोलाला आणि नाचालाही ‘न्गोमा’ असाच शब्द आहे. बडोद्याहून सकाळी निघाले तर रतनपूर पाहून संध्याकाळी घरी परतता येते.