माशाची कातडी आणि विणीचा हंगाम : आमच्या तळेधारक ग्राहकांसाठी माहिती

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या भागांतून आमच्या मत्स्यबीज केंद्रावर रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनसचे बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले, न्यायला येणाऱ्या सर्व तळेधारकांना नमस्कार. बीज कोणत्या हंगामातले, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) किती इंचांची, खाद्य कोणते घालायचे, ही चौकशी सगळेच करतात. माशाची कातडी मात्र फार थोडे जण निरखून पाहतात. मासा निरोगी आहे का, नर की मादी, विणीला आला आहे का, यातले बरेचसे कातडीवरच दिसते. तुमच्यापैकी काही जण आम्हाला प्रजनक मासेही, म्हणजे बीज काढण्यासाठी लागणारे वयात आलेले नर-मादी, देतात. त्यांनी तर हे पत्रक जपून ठेवावे.

कातडी आतून कशी असते

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. माशाचे तसे नाही. त्याची कातडी पाण्याला भिडणाऱ्या शेवटच्या पेशीपर्यंत जिवंत असते. तिच्यात जागोजागी स्राव सोडणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यामुळेच मासा हाताला बुळबुळीत लागतो. या बुळबुळीत जंतूंना मारणारी द्रव्ये असतात. खवले वरून चिकटवल्यासारखे दिसले, तरी ते आतल्या थरात रुजलेले असतात आणि त्यांच्यावरून हा जिवंत पापुद्रा गेलेला असतो. त्यामुळे एक खवला निघाला, तरी तिथे उघडी जखम होते. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त तळ्याच्या पाण्यापेक्षा खारट असते. जखमेतून पाणी आत शिरते, क्षार बाहेर झिरपतात आणि मासा थकतो. मग काही दिवसांत त्या जागी पांढऱ्या तंतूंची बुरशी दिसू लागते, आणि लोक म्हणतात, बीजच खराब होते.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे सगळे कार्प कुळातले. या कुळातल्या माशांच्या कातडीत आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. कातडी फाटली की त्यांतले द्रव्य पाण्यात मिसळते आणि आजूबाजूचे मासे घाबरून खाली दबतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी 1938 साली याचे वर्णन केले. जाळे जोरात ओढल्यावर मासे खाद्यावर येत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

विणीच्या काळात यात बदल होतो. उत्तर अमेरिकेतल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाचा नर त्या काळात या इशाऱ्याच्या पेशी गमावतो. अंडी चिकटवायची जागा तो अंग घासून साफ करतो. कातडी खरचटली, तरी मादी घाबरून पळून जाऊ नये, अशी ही सोय आहे.

थंड पाण्यातल्या माशांचे काय?

दरवर्षी कोणीतरी विचारतेच, “ट्राउटचे बीज मिळेल का?” आपल्या भागात ते जगणार नाही. ट्राउटला साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअसचे, वाहते, भरपूर प्राणवायूचे पाणी लागते. पाणी 20 अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो आणि 25 च्या आसपास तो मरतो. आपल्या शेततळ्यांचे पाणी उन्हाळ्यात याच्या बरेच वर जाते. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या ओढ्यांचा तो मासा आहे.

पण कातडी आणि वीण यांचे नाते समजून घ्यायला याच कुळातले मासे सर्वांत चांगले. हिमालयात ट्राउटची वीण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत होते. दिवस लहान होऊ लागले की शरीरातली संप्रेरके वाढतात आणि कातडी बदलू लागते. ब्राउन ट्राउटच्या वयात आलेल्या नराची वरची कातडी जाड होते आणि तिच्यातल्या बुळबुळ सोडणाऱ्या पेशी कमी होतात. नर एकमेकांशी झुंजतात, त्यात जाड कातडी उपयोगी पडते. पण बुळबुळ घटल्याची किंमतही नरालाच मोजावी लागते, कारण विणीच्या दिवसांत बुरशी त्यालाच जास्त लागते.

सामन मासा याहून पुढे जातो. समुद्रातून नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ सोडून देतो. शरीराला लागणारे कॅल्शियम खवल्यांच्या कडांतूनही ओढले जाते आणि कडा झिजतात. अटलांटिक सामन विणीनंतर जगला तर त्या झिजेची खूण खवल्यावर कायमची राहते, आणि तो पूर्वी कधी व्याला होता हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. सॉकआय सामनच्या मांसातला लाल रंग तर विणीच्या वेळी कातडीत उतरतो आणि चंदेरी मासा लालभडक होतो.

आपल्या तळ्यातला नर आणि मादी

रोहू, कटला, मृगळ यांच्यात इतका रंगबदल होत नाही. इथे बोटांनी पाहायचे. नराच्या कल्ल्यामागच्या पराच्या (पोहण्याच्या पंखाच्या) वरच्या बाजूवरून ओले बोट हलकेच फिरवा. विणीला आलेल्या नराचा पर बारीक काचकागदासारखा खरखरीत लागतो. वरच्या कातडीच्या पेशी कडक होऊन तिथे सूक्ष्म दाणे आलेले असतात. नराच्या संप्रेरकांमुळे ते येतात आणि हंगाम सरला की झडतात. मादीचा पर गुळगुळीत असतो. तिचे पोट फुगीर व मऊ असते आणि गुदद्वाराजवळचा भाग सुजून गुलाबी झालेला असतो. नराचे पोट मागच्या बाजूला हलके दाबले तर दुधासारखा पांढरा चीक येतो. जोरात दाबू नका.

जून ते ऑगस्ट हा या माशांचा काळ. कृष्णा, घटप्रभा यांना पूर येतो, पाणी पसरते आणि नदीत वीण होते. तळ्यातल्या उभ्या पाण्यात हे मासे वीत नाहीत. म्हणून आम्ही प्रजनकांना संप्रेरकाचे इंजेक्शन देतो. हिरालाल चौधुरी या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1957 साली ओडिशात हे तंत्र यशस्वी केले, आणि त्या 10 जुलैची आठवण म्हणून आजही राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात. इंजेक्शननंतर पाच-सहा तासांत अंडी पडतात आणि 28 अंशांच्या आसपासच्या पाण्यात 14 ते 18 तासांत फुटतात. 10 अंशांच्या पाण्यात ट्राउटच्या अंड्यांना यासाठी महिनाभर लागतो. सायप्रिनसला इंजेक्शनची गरज नसते. तो तळ्यातच, पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो, आणि पुढच्या वर्षी तुमच्या तळ्यात न मोजलेले मासे दिसतात ते याचेच.

प्रजनक देणाऱ्यांनी एवढे पाहावे

आम्ही किमान दोन वर्षांचे, अंगावर एकही उघडी जखम नसलेले मासे घेतो. खवले गेलेला मासा कितीही मोठा असला, तरी घेत नाही, कारण इंजेक्शनचा ताण त्याला सोसत नाही. जाळे बिनगाठीचे वापरा. पहाटे, ऊन चढण्याआधी ओढा. हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या पोत्यावर, सिमेंटच्या कट्ट्यावर तो एक क्षणही ठेवू नका. चुकून खरचटलाच, तर 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साधे मीठ विरघळवून त्यात एखादे मिनिट ठेवा आणि मासा कलंडू लागला तर लगेच बाहेर काढा.

थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, शक्यतो जाळे ओढूच नका. पाणी गार असताना माशाची जखम भरायला वेळ लागतो आणि अंगावर लाल व्रण पडणारा रोग याच दिवसांत जास्त दिसतो. असे व्रण दोन-तीन माशांवर दिसले, तरी आम्हाला फोटो पाठवा आणि तोवर ते पाणी दुसऱ्या तळ्यात सोडू नका.

बीज नेताना सकाळी लवकर या. प्राणवायू भरलेली पिशवी गाडीत सावलीला ठेवा. तळ्यावर पोचल्यावर ती बंदच 15 ते 20 मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या आणि पिल्ले आपणहून बाहेर पडू द्या. पिशवी उलटी करून झटकू नका.