अर्धी चिखलात, अर्धी पाण्यावर

ऐरोलीला दिवा जेट्टीवर ओहोटी संपून भरती लागते, तेव्हा अर्धा तास थांबून बांधलेल्या होडीकडे बघा. तिची नाळ अजून चिखलात रुतलेली असते आणि मागच्या बाजूला मात्र पाणी लागलेलं असतं. पाणी चढतं तशी ती बाजू उचलली जाते. नाळ हलत नाही. सगळा ताण मधे येतो, फळ्या करकरतात. मग एका क्षणी चिखल सोडतो आणि होडी सपाट होऊन डुलायला लागते.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हेच चालू असतं, फक्त होडीच्या जागी काहीशे मीटर जाडीचा बर्फ असतो.

जमिनीवर साठलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने हळूहळू समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यापाशी आला की तो लगेच तुटत नाही. तसाच पुढे सरकत पाण्यावर तरंगू लागतो, पण मागे जमिनीवरच्या बर्फाला जोडलेलाच राहतो. या तरंगत्या पट्ट्याला आईस शेल्फ म्हणतात. सगळ्यात मोठा आहे रॉस आईस शेल्फ, जवळजवळ फ्रान्सएवढा. त्याची समुद्राकडची कड वर्षाला सुमारे एक किलोमीटर पुढे सरकते. भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये अशाच एका तरंगत्या बर्फावर उभं राहिलं. काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडलं जाऊ लागलं आणि 1990 मध्ये सोडावं लागलं. नंतरची मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रं खडकावर आहेत.

बर्फ जिथे जमीन सोडून तरंगायला लागतो, ती रेषा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भरतीला शेल्फ वर उचलला जातो, ओहोटीला खाली येतो आणि या रेषेपाशी बर्फ बिजागरीसारखा वाकतो. वर्षानुवर्षं, रोज.

भरती-ओहोटीचा हात याही पलीकडे पोचतो. रॉस शेल्फला येऊन मिळणारा व्हिलन्स नावाचा बर्फाचा प्रवाह दिवसातला बहुतेक वेळ जवळजवळ अडून बसतो. मागचा बर्फ रेटत राहतो, ताण वाढत जातो आणि मग अर्ध्या तासाच्या आत तो सगळाच्या सगळा सुमारे अर्धा मीटर पुढे घसरतो. पुन्हा थांबतो. असं साधारण दिवसातून दोनदा होतं आणि त्याच्या वेळा समुद्राच्या भरती-ओहोटीशी जुळतात. बर्फावर बसवलेल्या जीपीएसने हे पकडलं. दहा-वीस नव्हे, शंभरेक किलोमीटरचा बर्फ समुद्राच्या घड्याळावर पाऊल टाकतो, हे वाचल्यापासून मला खाडीतली भरती पूर्वीसारखी दिसत नाही.

आता तुटण्याकडे येऊ. मासळी बाजारात बर्फवाला लादी कशी फोडतो ते पाहिलंय का? तो लादीवर टोच्याने एका ओळीत घाव घालत जातो. चार-पाच घावांपर्यंत काही दिसत नाही. पुढच्या घावाला लादी त्या ओळीवर सरळ दुभंगते. जो बर्फ सावकाश रेटला तर वाहतो, तोच ताण एकाएकी वाढला की काचेसारखा फुटतो. शेल्फच्या कडेचे तुकडे असे सुटून हिमनग होणं यात नवल नाही, मागून बर्फ येतच असतो आणि कडा अशाच झडतात.

लार्सन बी चं मात्र तसं नव्हतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेकडचा हा शेल्फ दहा हजारांहून जास्त वर्षं टिकून होता. 2002 च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे हिवाळा असताना, त्याच्या पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची शेकडो तळी साचली. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, महिना-सव्वा महिन्यात, सुमारे 3250 चौरस किलोमीटर बर्फ फुटून गेला. ठाणे जिल्ह्याच्या पाऊण भागाहून जास्त, आणि जाडी दोनशे मीटरच्या वर.

हे काम पाण्याने केलं. रिकामी भेग खाली जाते तसं आजूबाजूच्या बर्फाचं ओझं तिला दाबून मिटवू पाहतं, त्यामुळे ती कुठेतरी थांबते. पण पाणी बर्फापेक्षा जड. भेग पाण्याने भरलेली असेल तर खोलवर तेच पाणी बर्फाला दोन्हीकडे ढकलतं आणि भेग थेट तळापर्यंत जाते. अशा जवळजवळच्या भेगांनी बर्फाच्या उंच, अरुंद फाका पडल्या. त्या पाण्यात उभ्या राहू शकत नाहीत, आडव्या होतात. फळीवरची उभी पुस्तकं आडवी पडली की जास्त जागा अडवतात, तशाच या फाका शेजारच्यांना बाहेर लोटतात. एक पडली की पुढचीला वाट मिळते.

तरंगता बर्फ आधीच पाण्यात आहे, त्यामुळे तो तुटल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. मग काळजी कशाची? मागच्या हिमनद्यांची. शेल्फ दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांना आणि समुद्रतळावरच्या उंचवट्यांना अडकून मागच्या बर्फाला रोखून धरतो. लार्सन बी गेल्यावर त्याच्या मागच्या हिमनद्यांचा वेग वाढला, काहींचा तर आठपट. तो बर्फ जमिनीवरचा होता. समुद्रात त्याची भर नवी.

म्हणून सगळ्यांचं लक्ष पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर आहे. सुमारे 120 किलोमीटर रुंद. उपग्रहांच्या रडारने दाखवलं की समुद्राचं तुलनेने उबदार खारं पाणी भरतीबरोबर टेकलेल्या बर्फाच्या खाली किलोमीटरोगणती आत शिरतं आणि ओहोटीला मागे हटतं. म्हणजे बर्फ जमीन सोडतो ती रेषा नुसती रेषा नाही, रोज पुढे-मागे होणारा पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात बर्फ खालून झिजतो. थ्वेट्स पूर्ण जायला खूप काळ लागेल. पण तिच्यातला सगळा बर्फ समुद्रात गेला, तर जगभरची पातळी सरासरी 65 सेंटीमीटरने वाढेल. खाडीकाठच्या घाटाची पायरी सहा इंचांची धरली, तर चार पायऱ्या. उधाणाच्या भरतीला पाणी आज जिथवर येतं, त्याच्या वरच्या चार.