आजी शांत झोपल्यात म्हणजे बऱ्या आहेत असं नाही

नर्सिंगच्या मुलामुलींना वॉर्ड पोस्टिंगला घेऊन गेलं की दरवेळी हेच दिसतं, केस शीटवर वय ७८ वाचलं की पुढचं सगळं त्यांना आपोआप समजतं. आजी गुंगीत आहेत, वय झालंय. आजोबा जेवत नाहीत, वय झालंय. इथेच घोळ होतो.

म्हातारपणी शरीर आजाराची खबर वेगळ्याच वाटेने देतं. तरुण माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की ताप येतो, जळजळ होते, पण आजींना ताप येईलच असं नाही, त्या नुसत्या गप्प होतात किंवा स्वतःच्या मुलालाच ओळखत नाहीत. हा डेलिरियम, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत जातो, डेलिरियम मात्र काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि कारण सापडलं तर बऱ्याचदा बराही होतो. सलाईन ओढणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडून राहिलेला कुणालाच दिसत नाही कारण तो त्रास देत नाही ना! म्हणून मी मुलांना सांगते, सोबतच्या सुनेला विचारा, "परवा कशा बोलत होत्या?"

वर्गात एक प्रयोग करतो आम्ही. चष्म्याला व्हॅसलिन, कानात कापूस, हातात दोन-दोन ग्लोव्हज आणि मग स्ट्रिपमधली गोळी काढायची. एका मुलीची गोळी तीनदा खाली पडली, तशीच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, काल मी त्या बाबांना किती घाई केली." हो, आणि कानाचं म्हणाल तर वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे चिरक्या आवाजात ओरडून काही होत नाही, समोर बसून जरा खालच्या आवाजात सावकाश बोलायचं.

इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या २०२१ च्या बीएस्सी अभ्यासक्रमात लहान मुलांचा विषय वेगळा आहे, दोन सेमिस्टर. वृद्धांचं मात्र अ‍ॅडल्ट हेल्थच्या पेपरातच येतं. मला हे फार कमी वाटतं.

वेळ कमी असला तरी एक गोष्ट मी करून घेतेच. बीपी आधी झोपवून मोजायचं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर हेच आजोबा रात्री बाथरूमला उठताना पडू शकतात. एवढी तीन मिनिटं थांबायचा पोरांना कंटाळा येतो, मी थांबवते.