मनोऱ्यांवरून पृथ्वी मोजणारा लायडनकर

1574 साली स्पॅनिश फौजेने हॉलंडमधल्या लायडन शहराला वेढा घातला होता. शहर उपासमारीने टेकीला आले, तेव्हा डचांनी बांध फोडून आपल्याच शेतांत पाणी सोडले आणि त्या पाण्यावरून नावा आणून शहर सोडवले. पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठ उघडले. विलेब्रोर्ड स्नेलचा जन्म याच गावात 1580 साली झाला. वडील रूडॉल्फ विद्यापीठात गणित शिकवत. मुलगा आधी कायदा शिकला, पण अखेर गणिताकडेच वळला आणि 1613 साली वडिलांच्या जागी आला.

शाळेत आपल्याला स्नेल भेटतो तो प्रकाशाच्या अपवर्तनाच्या नियमातून. तो नियम त्याला 1621 च्या सुमारास सापडला, पण त्याने छापलाच नाही. मला मात्र त्याचे 1615 चे काम अधिक मोठे वाटते. त्याला पृथ्वीचा परीघ मोजायचा होता. त्यासाठी उत्तर-दक्षिण दूर असलेल्या दोन ठिकाणांमधले अंतर हवे. कालवे, नद्या आणि दलदलीच्या त्या मुलखात मोजणीची साखळी टाकत सरळ जाणार कसे?

हॉलंड सपाट, त्यामुळे चर्चचे मनोरे मैलोन्‌मैल दिसतात. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. ही कल्पना गणितज्ञ गेमा फ्रिसियसने 1533 मध्येच मांडली होती. स्नेलने लायडनजवळच्या कुरणात एक छोटी पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची बाजू, जमिनीवर मोजली आणि मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे कोन घेत उत्तरेला अल्कमारपासून दक्षिणेला बेर्गेन ऑप झोमपर्यंत त्रिकोणांची माळ गुंफली. गावातल्या तीन मनोऱ्यांमधले कोन मोजून स्वतःच्या घराची जागाही त्याने पक्की केली. दोन्ही टोकांचे अक्षांश आकाश पाहून ठरवले.

अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर आले सुमारे 107 किलोमीटर; त्याची 360 पट म्हणजे पृथ्वीचा परीघ. खरे अंतर 111 च्या आसपास आहे. चूक साडेतीन टक्क्यांची. पायारेषा तोकडी होती आणि आकडेमोडीतही चुका राहिल्या होत्या. हे ध्यानात आल्यावर तो पुन्हा मोजणीला लागला, पण 1626 मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याची सुधारित आकडेवारी 1729 मध्ये लायडनच्याच पीटर व्हान मुशेनब्रुक या शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली.

भारताची त्रिकोणमितीय मोजणी याच पद्धतीने झाली. ती सुरू करणारा ब्रिटिश अधिकारी विल्यम लॅम्ब्टन त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत असताना 1823 साली आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले.