जलपर्णी आणि हायड्रिला: तळ्यात कोण कुणाला खाणार?

तळं साफ करायला घेतलं की जलपर्णी आणि हायड्रिला दोन्ही एकाच डंपरमधून जातात. दोन्ही हिरव्या, दोन्ही माजतात, म्हणून दोन्ही तण. पण पाण्याखाली कोण कुणाला खाणार हे ठरवण्यात दोघींचं काम अगदी वेगळं आहे, आणि हायड्रिला सरसकट उपटणं मला चुकीचं वाटतं.

हायड्रिला चिखलात मुळं रोवून वर चढते. बारीक दांडे, पेरापेराला छोट्या पानांचं वर्तुळ. हाताला खरखरीत लागते. या दांड्यांमधून छोटा मासा सहज निसटतो, मोठ्याला वळता येत नाही, सावजही दिसेनासं होतं. १९८२ साली जॅकलिन सॅविनो आणि रॉय स्टाइन या अमेरिकी संशोधकांनी टाक्यांत कृत्रिम दांडे लावून हे तपासलं. दाटी वाढवत चौरस मीटरला १००० दांड्यांपर्यंत नेली, तशी बास या शिकारी माशाला ब्लूगिल या छोट्या माशाची शिकार साधेना. मग त्याने पाठलाग सोडून दबा धरायला सुरुवात केली. छोट्या शिकाऱ्यांना मात्र हेच दांडे सोयीचे. टाचणीचं, म्हणजे चतुरासारख्या सडपातळ किड्याचं, पिल्लू दांड्याला चिकटून निश्चल बसतं, डासाची अळी टप्प्यात आली की दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून ती पकडतं.

जलपर्णी तरंगते. तिच्या झुपकेदार मुळांत कडेकडेला किडे, गोगलगाई, कोळंबी भरपूर असतात, तेवढा आसरा खरा. पण थर दाट झाला की खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बहुतेक मासे तिथून निघून जातात. वरची हवा घेऊ शकणारे मरळ, मागूर तेवढे तग धरतात. म्हणजे तिथे सावज वाचतं ते शिकारी मासेच फारसे उरत नाहीत म्हणून. याचा फायदा डासांना होतो. मॅन्सोनिया डासाची अळी तर श्वासनळी थेट मुळात खुपसून तिथूनच हवा घेते, श्वासासाठी वर येतच नाही. अशा थराखाली गप्पी मासे सोडून काय साधणार?

हायड्रिलाही फार दाटली तर माशांना खाणं मिळवणं अवघड होतं. ब्लूगिलवरच्या प्रयोगांत मध्यम दाटीत त्यांची वाढ उत्तम झाली. म्हणून जलपर्णी शक्य तितकी पूर्ण काढावी, हायड्रिला विरळ करावी आणि काठालगतचे पट्टे राखावेत.