पीडब्ल्यूएम: एक काउंटर, एक कम्पॅरेटर आणि मधली गोची

एलईडी मंद करायचा म्हणजे व्होल्टेज कमी करायचं असं पटकन वाटतं, पण चिपच्या डिजिटल पिनला फक्त दोनच गोष्टी जमतात, चालू नाहीतर बंद. मग ती इतक्या भरभर चालू-बंद करायची की डोळ्याला सरासरी उजेडच दिसेल. हेच पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन. चालू वेळ एकूण वेळेच्या किती टक्के, तो ड्युटी सायकल.

सर्किट तसं अगदी साधं आहे. ८ बिटचा काउंटर (मोजणारं सर्किट) क्लॉकच्या, म्हणजे ठराविक वेळाने येणाऱ्या ठोक्यांच्या, प्रत्येक टिकला एकने वाढतो, २५५ झाले की परत ०. शेजारी रजिस्टरमध्ये (आकडा साठवायच्या जागेत) आपला आकडा, समजा ६४. काउंटर ६४ पेक्षा लहान असेपर्यंत कम्पॅरेटर (दोन आकड्यांची तुलना करणारं सर्किट) आउटपुट हाय म्हणजे चालू ठेवतो, नंतर लो म्हणजे बंद, म्हणजे झाले बरोबर २५ टक्के. क्लॉक १६ मेगाहर्ट्झ असेल तर २५६ टिकला १६ मायक्रोसेकंद लागतात, फ्रिक्वेन्सी ६२.५ किलोहर्ट्झ. जास्त बारीक कंट्रोल हवा म्हणून १० बिट घेतले की एका फेरीला १०२४ टिक लागतात, फ्रिक्वेन्सी १५.६ किलोहर्ट्झवर येते आणि मग मोटर बारीक शिट्टी मारायला लागते, कारण ही फ्रिक्वेन्सी कानाच्या टप्प्यात येते. फुकट काही मिळत नाही.

खरी गंमत आकडा मधेच बदलला की होते. चिपमधल्या बऱ्याच टायमरमध्ये (अशाच काउंटरच्या सर्किटमध्ये) काउंटर शून्यावर आला की आउटपुट हाय होतं आणि आकडा जुळला की लो. समजा आकडा २०० होता, काउंटर १२० वर पोचलाय आणि नेमकं तेव्हाच तुम्ही ५० लिहिलंत. ५० तर कधीच मागे गेला! आता या फेरीत आकडा जुळतच नाही, आउटपुट शेवटपर्यंत हाय, आणि मंद होणारा एलईडी उलट क्षणभर भक्कन पेटतो. कोड कितीही वाचा, त्यात चूक सापडणार नाही. उपाय म्हणजे दोन रजिस्टर, आपण लिहायचं पहिल्यात आणि दुसऱ्यात कॉपी होणार फक्त काउंटर शून्यावर आल्यावर.

आणि हो, कम्पॅरेटरचं आउटपुट थेट पिनला देऊ नका. १२७ चे १२८ होताना आठही बिट बदलतात, पण अगदी एकाच क्षणी नाही, तेवढ्यात बारीक ग्लिच, म्हणजे क्षणभराचं चुकीचं आउटपुट, येऊ शकतो. मधे एक फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या टिकलाच आउटपुट बदलणारं, एक बिट साठवणारं सर्किट) टाकला की सगळं एक टिक उशिरा पण स्वच्छ येतं.

अजून एक बारकावा राहिलाच. ८ बिटात २५५ च्या वर जाता येत नाही, म्हणजे फुल्ल लिहूनही प्रत्येक फेरीत एक टिक लो राहणारच. अस्सल १०० टक्के हवेत तर काउंटर २५४ वरूनच शून्यावर आणायचा.